फिटच्या गोळीसोबत दुसरे औषध घेताना काय पाहावे, काय विचारावे

विदर्भातील खेड्यात अपस्माराचे, म्हणजे मिरगीचे औषध घेणारा रुग्ण सहसा एकाच डॉक्टरकडे जात नाही. मूळ गोळी नागपूरच्या मेडिकलमधून, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून, किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयातून लिहून आणलेली असते, दर महिन्याचा साठा ग्रामीण रुग्णालयातून किंवा तालुक्याच्या औषध दुकानातून मिळतो, ताप आला की गावातील डॉक्टर सुई देतात, क्षयरोगाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून येतात, पाळणा लांबविण्याच्या गोळ्या आशाताई घरपोच देतात, आणि आठवडी बाजारातून आणलेली चूर्णाची पुडीही फडताळात कुठेतरी असतेच. यांपैकी प्रत्येकाने दिलेले औषध त्या त्या आजारासाठी बरोबर असू शकते, परंतु दुसऱ्याने काय दिले आहे हे त्यांपैकी कोणालाच ठाऊक नसते. ते सगळे ठाऊक असते ते रुग्णाला किंवा त्याच्या गोळ्या सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला, आणि हे मार्गदर्शन त्यांच्यासाठीच लिहिले आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पुढे ज्या जोड्या धोक्याच्या म्हणून सांगितल्या आहेत, त्या वाचून कोणीही आपली चालू फिटची गोळी परस्पर बंद करू नये किंवा तिचे प्रमाण बदलू नये. गोळी अचानक बंद केल्यास एका झटक्यातून सावरण्याआधीच दुसरा झटका येण्याची जीवघेणी अवस्था ओढवू शकते. शंका आली तर नवे औषध थांबवून विचारणे बहुतेक वेळा परवडते. जुनी गोळी थांबवून विचारणे परवडत नाही.

आपली गोळी कोणत्या गटातील आहे

स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेले नाव असते आणि त्याच्या जवळपास बारीक अक्षरांत खरे औषध लिहिलेले असते. आपल्याला ते बारीक नाव हवे आहे. एप्टॉइनमध्ये फेनिटॉइन असते, गार्डिनलमध्ये फिनोबार्बिटोन, टेग्रेटॉल किंवा मॅझेटॉलमध्ये कार्बामाझेपिन, व्हॅल्परिन किंवा एन्कोरेटमध्ये व्हॅल्प्रोएट, लेव्हिपिलमध्ये लेव्हेटिरासिटाम, फ्रिझियममध्ये क्लोबाझाम आणि लॅमेटेकमध्ये लॅमोट्रिजिन. दुकानदार स्ट्रिप कापून दहाच गोळ्या कागदी पुडीत देतो तेव्हा नाव असलेला तुकडा बहुधा त्याच्याकडेच राहतो. म्हणून नाव आणि मुदत छापलेला भाग मागून घ्यावा; तो मागण्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

नाव कळल्यावर पुढचा भाग समजणे सोपे जाते. पोटात गेलेली बहुतेक औषधे यकृतातील एन्झाइम नावाची द्रव्ये मोडतात आणि मग ती शरीराबाहेर टाकली जातात. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन आणि कार्बामाझेपिन ही तीन औषधे या एन्झाइमांचे प्रमाण वाढवतात. परिणामी त्यांच्यासोबत घेतलेली दुसरी कित्येक औषधे लवकर मोडली जातात आणि ठरलेल्या मात्रेतही अपुरी पडतात. व्हॅल्प्रोएटची रीत याच्या उलट आहे: ते काही औषधांचे मोडणे मंद करते, त्यामुळे ती रक्तात साचतात. लेव्हेटिरासिटाम मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते आणि यकृताच्या या व्यवहारात फारसे अडकत नाही, म्हणून अनेक आजार एकत्र असलेल्या रुग्णाला डॉक्टर हल्ली ते पसंत करतात. मात्र मूत्रपिंड कमजोर असल्यास त्याचीही मात्रा कमी करावी लागते.

फेनिटॉइनविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण ते स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळते आणि आपल्या भागात वर्षानुवर्षे घेतले जाते. ते मोडण्याची यकृताची क्षमता ठरावीक असते. कापसाच्या हंगामात जिनिंगचे यंत्र दिवसाला ठरावीकच गाड्या रिकाम्या करते आणि त्याहून चार गाड्या जास्त आल्या की फाटकाबाहेर रांग लांबत जाते, तसे या औषधाचे होते. मर्यादेच्या आत असेपर्यंत सारे सुरळीत चालते. मर्यादा गाठल्यावर मात्रेत थोडीशी भर पडली किंवा दुसऱ्या औषधाने मोडण्याच्या कामात थोडा अडथळा आणला, तरी रक्तातील पातळी भराभर चढते. सर्वसाधारणपणे ती दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम या दरम्यान असावी असे मानतात. ही तपासणी प्रत्येक गावात होत नाही, पण तालुक्याच्या बऱ्याच प्रयोगशाळा नमुना घेऊन नागपूरला पाठवतात. रक्त पुढची गोळी घेण्यापूर्वी द्यावे आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली होती ते चिठ्ठीवर लिहावे, अन्यथा आलेल्या आकड्याचा अर्थ लावणे कठीण जाते.

बिघाड कसा दिसतो

दोन औषधांची टक्कर दोन दिशांनी दिसते. फिटच्या औषधाची पातळी उतरली तर झटके परत येतात, आणि घरचे लोक त्याचे कारण जागरणात, उपासात किंवा दृष्ट लागण्यात शोधतात. पातळी चढली तर रुग्ण झोपाळतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, जीभ जड होते, उलटी येते, तोल जातो. ही दुसरी दिशा ओळखण्यात फार गल्लत होते.

आमच्या रुग्णालयाच्या औषध खिडकीवर एक सालदार आला होता. फेनिटॉइनवर त्याची फिट बरीच वर्षे शांत होती. त्याच्या भावाला क्षयरोग निघाला, म्हणून घरातील सर्वांना प्रतिबंधक उपचार म्हणून आयसोनियाझिडच्या रोजच्या गोळ्या सुरू करण्यात आल्या होत्या. काही आठवड्यांत त्याची चाल बिघडली. मालकाने त्याला दारूवरून हटकले आणि बायकोने अबोला धरला. "थेंबबी नाही घेतला जी, तरी पाय लटपटतेत," असे तो पुन्हापुन्हा सांगत होता. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांसमोर बोट धरून ते हळूहळू बाजूला नेले, तेव्हा त्याची बुबुळे बोटामागे सरळ न जाता कडेला पोहोचून थरथर उडत होती. फेनिटॉइन रक्तात साचल्याची ही ओळखीची खूण आहे. आयसोनियाझिड फेनिटॉइनचे मोडणे मंद करते, आणि ज्यांच्या शरीरातून आयसोनियाझिड स्वतःच सावकाश बाहेर पडते, अशा लोकांत हा परिणाम ठळकपणे दिसतो. आपल्या देशात असे लोक पुष्कळ आहेत. सालदाराच्या फेनिटॉइनची मात्रा डॉक्टरांनी बदलली आणि प्रतिबंधक गोळ्या चालू ठेवल्या.

प्रत्यक्ष क्षयरोगाच्या उपचारात गुंता अधिक असतो, कारण तेथे आयसोनियाझिडसोबत रिफाम्पिसिनही असते, आणि रिफाम्पिसिन यकृताचे एन्झाइम वाढवणाऱ्या औषधांत अग्रेसर आहे. एक औषध फेनिटॉइन वर ओढते, दुसरे खाली ओढते, आणि बऱ्याच रुग्णांत रिफाम्पिसिनची सरशी होऊन पातळी उतरते. पण समोरच्या रुग्णात काय घडेल हे अंदाजाने ठरवता येत नाही, मोजावे लागते. आयसोनियाझिडमुळे कार्बामाझेपिनही साचते. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला की सर्वजण निश्चिंत होतात, आणि नेमका तोच काळ लक्ष ठेवण्याचा असतो. रिफाम्पिसिन थांबल्यावर वाढलेली एन्झाइम दोन-तीन आठवड्यांत ओसरतात, आणि उपचाराच्या काळात फेनिटॉइनची मात्रा वाढवलेली असेल तर तीच मात्रा आता जास्त होते. म्हणून फिटच्या डॉक्टरांना दोन तारखा कळवाव्यात, क्षयरोगाचा उपचार सुरू झाल्याची आणि तो संपल्याची. माझ्या अनुभवाप्रमाणे पहिली तारीख कधीकधी कळवली जाते, दुसरी जवळजवळ कधीच नाही.

हा दोन तारखांचा नियम सर्वच औषधांना लागू आहे. एन्झाइमचे काम अडवणाऱ्या औषधाचा परिणाम काही दिवसांतच दिसतो, तर एन्झाइम वाढवणाऱ्या औषधाचा परिणाम चढायला आणि उतरायलाही दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे आज त्रास होत असेल तर कालच्याच औषधाकडे बोट दाखवून भागत नाही. मागील महिनाभरात काय सुरू झाले आणि काय बंद झाले ते पाहावे लागते.

नेहमीच्या तक्रारींची औषधे

ताप आणि अंगदुखीला नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नसते. खरी काळजी ट्रॅमाडॉलची करावी. कंबरदुखी, सांधेदुखी, शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना अशा अनेक कारणांसाठी ते गोळीत किंवा सुईत दिले जाते, कित्येकदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत मिसळलेले असते, आणि ते मेंदूची झटका सहन करण्याची मर्यादा खाली आणते. येथे यकृताचा संबंध गौण आहे. ते स्वतःच झटका आणू शकते. फिटच्या रुग्णाने दुखण्यासाठी नवी गोळी घेताना बारीक अक्षरांत ट्रॅमाडॉल लिहिले आहे का, एवढे तरी पाहावेच.

सिकलसेलच्या, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या, घरांमध्ये याकडे विशेष लक्ष हवे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या बाजूला सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, आणि या आजारात मेंदूचा रक्तपुरवठा अडून पुढे फिट सुरू होणे घडते. अशा मुलाला वेदनांचा जोर आला की दवाखान्यात तातडीने वेदनाशामक दिले जाते, आणि त्या धावपळीत फिटचा उल्लेख राहून जातो. सिकलसेलच्या कार्डावरच ठळक अक्षरांत फिटच्या औषधाचे नाव लिहून ठेवणे हा साधा आणि उपयोगी उपाय आहे. त्याच रुग्णांना रोज ५ मिलिग्रॅमची फॉलिक ॲसिडची गोळीही असते. ती आवश्यकच आहे, पण फॉलिक ॲसिड जास्त मात्रेत सुरू केल्यावर काही रुग्णांत फेनिटॉइनची पातळी उतरते. म्हणून ती गोळी सुरू झाली की फेनिटॉइन देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे.

प्रतिजैविकांमध्ये निवड करण्याला वाव असतो, आणि डॉक्टरांना वेळेवर कळले तर ते ती करतात. घशाला किंवा छातीला एरिथ्रोमायसिन अथवा क्लॅरिथ्रोमायसिन दिल्यास कार्बामाझेपिन दोन-तीन दिवसांत साचू लागते आणि रुग्णाला गरगरते. त्याच कुटुंबातील ॲझिथ्रोमायसिनमुळे तसे सहसा होत नाही. हगवणीवर सर्रास दिल्या जाणाऱ्या ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या गोळीतील ऑफ्लॉक्सासिन, तसेच सिप्रोफ्लॉक्सासिन, हे झटक्याची शक्यता वाढवतात. हगवण बहुतेक वेळा ओआरएसवरच आवरते, तेव्हा ही गोळी खरोखर लागते का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मोठ्या रुग्णालयात गंभीर संसर्गासाठी मेरोपेनेम नावाचे इंजेक्शन देतात. ते व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत इतकी खाली आणते की व्हॅल्प्रोएटची मात्रा वाढवूनही ती भरून निघत नाही, त्यामुळे त्या काळापुरते दुसरे फिटचे औषध जोडावे लागते किंवा प्रतिजैविक बदलावे लागते. रुग्ण दाखल होताना नातेवाइकांनी व्हॅल्प्रोएटचे नाव सांगितले नाही, तर हे कोणाच्या लक्षात येण्याआधीच झटका येऊन जातो.

दम्याचा किंवा खोकल्याचा जोर असला की डेरिफायलिनची सुई हा खेडोपाडीचा ठरलेला उपचार आहे. तिच्यात थिओफायलिनच्या जातीची औषधे असतात आणि रक्तातील त्यांचे प्रमाण वाढल्यास झटके येतात. उलटपक्षी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असल्यास तीच औषधे लवकर मोडून दम्यावर अपुरी पडतात. फिटच्या रुग्णासाठी श्वासाने ओढायची औषधे अधिक सोयीची असतात, तेव्हा पंपाची सवय लागते या भीतीने सुईचाच आग्रह धरणे सोडून द्यावे.

गजकर्णाचा प्रश्न वेगळाच आहे. अलीकडे तो हट्टी झाला आहे आणि त्यावर इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल महिनामहिना दिल्या जातात. रुग्ण फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन किंवा कार्बामाझेपिनवर असेल तर इट्राकोनाझोल इतके लवकर मोडते की त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही, आणि रुग्ण पैसे खर्चून कंटाळतो. याऐवजी फ्लुकोनाझोल दिले तर ते फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन दोन्ही साचवू शकते. अशा वेळी गजकर्णाच्या डॉक्टरांना आधीच सांगितले तर ते वेगळे औषध किंवा लावायचे मलम निवडतात.

ॲसिडिटीचे पातळ औषध फेनिटॉइनच्या गोळीसोबत घेऊ नये, कारण त्याने गोळी पोटात नीट शोषली जात नाही. मध्ये दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. रक्तदाबाची अॅम्लोडिपिनसारखी औषधे, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, थायरॉइडची गोळी, प्रेडनिसोलोन आणि हृदयाच्या झडपेसाठी दिलेले रक्त पातळ करणारे औषध ही सर्व एन्झाइम वाढवणाऱ्या तीन गोळ्यांमुळे कमी पडू शकतात. त्यांपैकी रक्त पातळ करणारे औषध सर्वात नाजूक असून फिटची गोळी बदलली की त्याची रक्ततपासणी लवकर आणि वारंवार करावी लागते.

पाळणा लांबविण्याची साधने

याविषयी स्त्रिया विचारत नाहीत आणि आम्हीही बहुतेकदा आपणहून सांगत नाही, म्हणून येथे स्पष्ट लिहितो. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन आणि कार्बामाझेपिन चालू असताना माला-एनसारख्या रोजच्या गोळ्यांतील संप्रेरके लवकर मोडतात, आणि एकही गोळी न चुकवता दिवस जाऊ शकतात. ७२ तासांच्या आत घ्यायची गोळीही अशा वेळी कमी भरवशाची ठरते. तांबी, म्हणजे कॉपर-टी, संप्रेरकांवर चालत नाही, त्यामुळे तिच्यावर या औषधांचा काहीच परिणाम होत नाही. दर तीन महिन्यांनी सरकारी केंद्रात मिळणारे अंतरा हे इंजेक्शनही या स्त्रियांना चालते. लॅमोट्रिजिन घेणाऱ्या स्त्रीने माला-एन सुरू केल्यास उलट प्रकार घडतो: गोळीतील इस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिनची पातळी जवळपास निम्म्यावर येऊ शकते आणि झटके परत येतात.

व्हॅल्प्रोएट माला-एनला कमकुवत करत नाही. परंतु गर्भारपणात ते चालू राहिल्यास सुमारे दहापैकी एका बाळात जन्मतः व्यंग आढळते, आणि पुढे दहापैकी तीन-चार मुलांच्या शिकण्यात व वाढीत अडचणी दिसतात. म्हणून मूल होऊ शकणाऱ्या वयातील मुलीला किंवा स्त्रीला शक्यतो ते देऊ नये असेच आता सांगितले जाते. मुलीचे लग्न ठरत असताना फिटचा आजार लपवला जातो आणि गोळ्या माहेरीच राहतात, हे आपल्याकडचे वास्तव आहे. लग्नाच्या काही महिने आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळी बदलता येते का हे विचारणे आणि फॉलिक ॲसिड सुरू करणे शक्य असते. दिवस गेल्यानंतर घाबरून गोळी बंद करणे आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरते.

हिवताप आणि डोक्यातील जंत

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हिवतापावर उशीर करणे परवडणारे नाही, कारण फॅल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूपर्यंत गेला तर त्यानेच झटके येतात. त्यामुळे आशाताईंच्या तपासणीत हिवताप निघाला तर औषध त्याच दिवशी सुरू करावे, मात्र फिटची गोळी कोणती चालू आहे ते त्यांना सांगावे. आर्टेमिथर आणि ल्युमेफॅन्ट्रिन यांची जोडगोळी फेनिटॉइन व कार्बामाझेपिनमुळे अपुरी पडते. क्लोरोक्विनने क्वचित झटक्याची शक्यता वाढते. अशा रुग्णाचा ताप तीन दिवसांत उतरला नाही किंवा पुन्हा आला, तर पुन्हा रक्ततपासणी करून घ्यावी.

फिट येण्याचे आपल्या देशातील एक मोठे कारण म्हणजे फीतकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन बसणे. सीटी स्कॅनमध्ये डोक्यात गाठ दिसली असे लोक सांगतात ती पुष्कळदा हीच असते. यावर अल्बेंडाझोल अनेक दिवस देतात, आणि येथेही फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व फिनोबार्बिटोन त्याचे रक्तातील प्रमाण घटवतात. सूज उतरवण्यासाठी सोबत दिलेले स्टेरॉइडही फेनिटॉइनमुळे लवकर मोडते. या आजाराचा उपचार मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा. शाळेत जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडाझोलची एकच गोळी आतड्यातील जंतांसाठी असते. फिटची औषधे चालू आहेत म्हणून ती वाया जात नाही.

चूर्ण, दारू आणि फळे

आयुर्वेदिक औषध सौम्य असते, त्याने टक्कर होत नाही, ही समजूत फार रुजलेली आहे. शंखपुष्पीचे सिरप बुद्धीसाठी, परीक्षेसाठी मुलांना सहज दिले जाते. फेनिटॉइनवर असलेल्या रुग्णांनी शंखपुष्पीचे तयार औषध घेतल्यावर त्यांचे झटके परत आले, आणि त्यानंतर उंदरांवर केलेल्या प्रयोगांत फेनिटॉइनची पातळी उतरल्याचे दिसले. १९९२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मिरी आणि पिंपळीतील पिपेरीन फेनिटॉइनचे शोषण वाढवते, त्यामुळे त्रिकटू चूर्ण नियमित घ्यायचे असल्यास डॉक्टरांना सांगावे. मिरगी मुळापासून घालवण्याची हमी देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांविषयी माझे मत कठोर आहे. अशा पुड्यांमध्ये फिनोबार्बिटोनसारखी औषधे मिसळलेली आढळली आहेत. रुग्णाला पुडीने गुण येतो तो त्यामुळेच, आणि दवाखान्याच्या गोळीत तीच भर पडली की गुंगी येते; पुडी संपली की झटके उसळतात. जिच्यावर औषधाचे नाव आणि बनवणाऱ्याचा पत्ता छापलेला नाही अशी कोणतीही वस्तू फिटच्या रुग्णाच्या पोटात जाऊ देऊ नये.

मोहाची दारू फिनोबार्बिटोन किंवा क्लोबाझामवर असलेल्या माणसाला खोल गुंगीत नेते आणि श्वास मंदावू शकते. रोज पिणाऱ्याने ती एकदम सोडली तरी झटके येतात, तेव्हा सोडायची असल्यास दवाखान्यात सांगून सोडावी. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे म्हणून डॉक्टरांना खरे सांगायला लोक कचरतात. पण दवाखान्यात सांगितलेली गोष्ट पोलिसांसाठी नसते.

फळांबाबत इंटरनेटवर ग्रेपफ्रूटचा इशारा वाचून काही जण संत्री सोडतात. ग्रेपफ्रूटमुळे कार्बामाझेपिन साचते हे खरे आहे, आणि त्याच जातीचे पपनसही टाळलेले बरे. नागपुरी संत्र्यात ती अडचण नाही. काटोल-वरुडची संत्री खुशाल खावीत.

कागद कसा ठेवावा, काय विचारावे

घरातील एका वहीच्या पानावर फिटच्या औषधाचे बारीक अक्षरांतील नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि केव्हापासून, एवढे लिहावे. त्याखाली बाकीची सर्व औषधे लिहावीत, सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची तारीख घालून. सुया, सिरप, चूर्णे आणि पाळण्याची साधनेही त्यात आली पाहिजेत. शेवटचा झटका कोणत्या दिवशी आला तेही नोंदवावे. पानाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा आणि दवाखान्यात जाताना रिकाम्या स्ट्रिपसह गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना शाळेत जाणारी नात हे काम मन लावून करून देते.

गावातील डॉक्टरांना किंवा दुकानदाराला नुसते "याने काही होत नाही ना?" असे विचारले तर उत्तर "नाही" असेच येते. त्याऐवजी असे म्हणावे: "मला मिरगीसाठी फेनिटॉइन चालू आहे. ही नवी गोळी त्याच्यासोबत चालते का? मात्रा बदलावी लागेल का? कोणता त्रास झाला तर परत यावे?" दुसऱ्या औषधाची गरजच आहे का, हाही प्रश्न आदराने विचारता येतो. ज्या स्ट्रिपच्या कडेला लाल रेघ आहे ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये. फिटच्या गोळीची कंपनी दर महिन्याला बदलू नये, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनची तर नाहीच. जनऔषधी केंद्रातून घ्यायची ठरवल्यास डॉक्टरांना सांगून एकदाच बदलावी आणि मग तीच चालू ठेवावी. दोन फिटची औषधे एकत्र असतील तरी हे प्रश्न सुटत नाहीत: व्हॅल्प्रोएटवर असलेल्या रुग्णाला लॅमोट्रिजिन फार लहान मात्रेपासून, दिवसाआड देऊन सुरू करावे लागते, आणि त्या काळात अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दूर अंतरामुळे तज्ज्ञांकडे लगेच जाणे शक्य नसल्यास १०४ या क्रमांकावर आरोग्यविषयक सल्ला मिळतो. औषधाचा अपाय झाला असे वाटल्यास १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाला स्वतःही तो कळवता येतो.

झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, किंवा शुद्ध येण्यापूर्वीच दुसरा आला, तर १०८ वर फोन करावा. रुग्णाला कुशीवर वळवावे. तोंडात पाणी, गोळी किंवा चमचा घालू नये, आणि कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. रुग्णवाहिकेत बसताना वहीचे ते पान सोबत घ्यावे, कारण झटका थांबवण्यासाठी शिरेतून फेनिटॉइन द्यायचे की व्हॅल्प्रोएट, आणि किती, हे ठरवताना रुग्णाने सकाळी कोणती गोळी घेतली होती आणि कोणती चुकवली होती हे डॉक्टरांना त्या पानावरूनच कळणार असते.